तुळईवरचा पाय

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

सकाळी दवाखान्यात जाऊन रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या. दुपारी पडून राहिलो. संध्याकाळी तुझं पत्र आलं.

दादा ज्या लाकडी बांधकामाच्या वर्गाला होता, त्याच वर्गात तू नाव घातलंस, तेही मला न विचारता. वर म्हणतेस, लवकरच एका जुन्या इमारतीचं छप्पर बघायला नेणार आहेत. छप्पर बघायला गेला होता तेव्हाच दादा वरून पडला. त्याला जाऊन अजून वर्ष झालं नाही.

तो लहानपणापासून धांदरट. भरलेला पेला हातात दिला की निम्मा जमिनीवर. तिथेही भलतीकडे बघत चालला असेल. मी कोणाला दोष देत नाही. पण तू इंजिनिअर आहेस, ऑफिसात बसूनही नकाशे काढता येतात. शेजारच्या काकूही तेच म्हणाल्या. एरवी आमचं कशावरही जमत नाही, तेव्हा विचार कर.

जाऊ नकोस. एवढं ऐक.

तुझा,
बाबा

ता. ११ फेब्रुवारी

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

काकूंचं आणि तुमचं एकमत झालं हे वाचून पत्र खरंच आपल्या घरून आलंय ना, ते पुन्हा पाहिलं. गोळ्या वेळेवर घ्या.

मी अजून गेलेले नाही. सध्या वर्गातच तुळया यंत्राखाली दाबून मोडतो. मोडायच्या आधी लाकूड करकरतं, ते ऐकायला शिकवतात.

परवा धीर करून सरांना दादाबद्दल विचारलं. ते म्हणाले, घरच्यांपैकी कोणी विचारलं नाही, म्हणून मीही विषय काढला नाही. मग सांगितलं. माळ्यावर पाय फक्त तुळईवर ठेवायचा असतो. मधल्या फळ्या नुसत्या झाकायला असतात, माणसाचं वजन घेत नाहीत. दादाला हे पाठ होतं. तो बॅटरी धरून सगळ्यांच्या पुढे होता. भिंतीत शिरणारं तुळईचं टोक कुजलं होतं, ते दाखवत होता. मागची मुलगी म्हणाली, मला काहीच दिसत नाही. तो म्हणाला, ये ना पुढे, आणि तिला जागा द्यायला बाजूला सरकला. पाय फळीवर पडला.

बाबा, तो धांदरटपणा नव्हता.

आमची पाळी पुढच्या गुरुवारी आहे. तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही, पण मग हे शिक्षणच सोडावं लागेल. तुमच्या उत्तराची वाट पाहते. रागावलात तरी लोभ राहू द्या.

तुमची,
धाकटी

ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. आ.

तुझं पत्र काल आलं. आज स्वयंपाक केला नाही. काकूंनी डबा पाठवला, त्यांना काही सांगितलं नाही.

तुम्ही दोघं लहान असताना बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, माझं एकच सांगणं असायचं. सरका, त्यांना जागा द्या. तू तोंड वाकडं करायचीस. तो मी सांगायच्या आधीच उठायचा. लोक म्हणायचे, मुलाला वळण छान लावलंत. तो गेल्यावर भेटायला आले तेव्हाही म्हणाले. मी मान हलवली.

त्याला धांदरट म्हणणं मला सोपं जात होतं.

गुरुवारी जा. मात्र वर गेल्यावर कोणालाही जागा देऊ नकोस. मागच्याला दिसत नसेल तर न दिसू दे. उद्धट म्हणाले तर म्हणू देत. माझ्याकडे तक्रार आली तर मी बघून घेईन.

खाली उतरलीस की दोन ओळी टाक. लोभ आहे, तो तू मागायला नको.

तुझा,
बाबा

ता. क. मोठी चादर वाळली आहे. एकट्याने तिची टोकं जुळत नाहीत. तरी घडी घालून ठेवतो.