लग्नपत्रिकेतली डॉक्टर

सातारा
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. अबोलीस,
चारूआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र का, ते तुला सांगायला नको. तुमच्या घरचा फोन अण्णा उचलतो आणि लगेच स्पीकरवर टाकतो. तुझ्या मोबाईलवर केला तरी कोण, चारू का, आण इकडे म्हणून तो ताब्यात घेतो. मग आपलं गुपित शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणारीलाही कळतं. टपालखात्याने अजून स्पीकर बसवलेला नाही, तोवर लिहून घेऊ.

काल अण्णा बोलला. लग्न मेमध्ये, छापखानावाला मजकुरासाठी मागे लागलाय, आणि पोरगी नावाआधी डॉक्टर लावू देत नाही. जगात लोक नसलेल्या पदव्या लावतात आणि हिला असलेली नको, असं म्हणून त्याने माझ्याकडे दाद मागितली. तासाभरात तुझा मेसेज आला की डॉक्टर छापलं तर मी मांडवात येणार नाही. म्हणजे दोन्ही पक्षांनी पंच म्हणून मलाच नेमलंय. पंचाची लायकी तरी बघायची! संस्कृतची एम.ए., विद्यापीठात दुसरी, आणि लग्नानंतर आजतागायत गॅस एजन्सीच्या काउंटरवर. संस्कृतात भविष्यकाळ दोन. तिसरा मी एजन्सीत शिकले : सिलिंडर उद्या येईल.

तुझा बाप कॉलेजच्या पहिल्या वर्षात असताना शिक्षण सोडून साखर कारखान्याच्या स्टोअरला लागला, हे तुला माहीत आहे. कशासाठी, तेही माहीत आहे. मी शिकावं म्हणून. तेव्हा पत्रिकेवरच्या दोन अक्षरांसाठी त्याचा जीव का अडकतो, ते मला कळतं. तुझा का अडकतो, ते मात्र कळत नाही. नुसता ताठा असेल तर सोड, आपल्या घराण्यात तो सर्वांना पुरून उरलाय. दुसरं काही असेल तर सरळ लिही.

इथे सगळं ठीक. तुझे काका निवृत्त झाल्यापासून मला स्वयंपाक शिकवतात.

कळावे. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवलास तर तक्रार नाही.
तुझी,
चारूआत्या

•

सांगली
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
अबोलीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बेदाण्याच्या शेडवर वाचलं. हाताला द्राक्षं बुडवतो ते डिपिंगचं तेल होतं, म्हणून कागदावर माझ्या अंगठ्याची सही उमटली आहे. सध्या द्राक्षं जाळीवर पसरण्याची घाई आहे. बाळासोमामा म्हणतो, या वर्षी मण्यात गोडी लय हाय, फक्त आभाळानं दगा देऊ नये.

ताठा नाही गं आत्या. मी ही पदवी लपवत नाही, तिची लाजही वाटत नाही. आमच्या डेंटलच्या फायनलला पेशंट ज्याचा त्याने आणायचा असतो. माझा ऐनवेळी पळाला, तर अण्णा कारखान्यात रजा टाकून खुर्चीत येऊन बसले. घाबरले होते. मला कळू नये म्हणून डोळे मिटून घेतले आणि परीक्षकांना वाटलं पेशंटला झोप लागली. त्यांच्या उजव्या दाढेत अजून ते सिमेंट आहे. ती पदवी मी कशी नाकारेन?

पण आई गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटून मी दोन वर्षं बसले, तेव्हा रोज सकाळी शटर अर्ध्यावर धरून उभी राहायचे. पेशंट नव्हते असं नाही. मीच तिथे नव्हते. मग एका मोसमात मामाच्या मदतीला तासगावकडे गेले आणि परत यायचं राहूनच गेलं. आता निम्मी शेड माझी आहे. दात सांभाळायला शिकले आणि दाताला चिकटणारा माल विकते, हा विनोद तू करायच्या आधी मीच करून टाकते.

विश्वजितला हे सगळं माहीत आहे. आमची ओळखच शेडवर प्रतवारीचं यंत्र बसवताना झाली. पण अण्णांनी फलटणला त्याच्या वडिलांना सांगून ठेवलंय की दवाखान्याचं रंगकाम चाललंय म्हणून सध्या बंद आहे. आत्या, चार वर्षं कुठलं रंगकाम चालतं? आप्पासो मिलिटरीतून निवृत्त, शब्दाला पक्के. आम्ही लग्नानंतर मलकापूरला राहणार, तिथून शेडवर ये-जा जमेल म्हणून; तर त्यांनी तिथे माझ्या दवाखान्यासाठी गाळा बघून ठेवलाय. भावकीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना सूनबाई आल्या की कवळी बसवून देईन असा शब्दही दिलाय. माणसं भात न चावताच गिळताहेत माझ्या भरवशावर.

आता पत्रिकेत डॉक्टर छापलं, की ते थापेवर शिक्कामोर्तब. मग मांडवातून मी थेट त्या गाळ्यातल्या खुर्चीपाशी. शेड गेली. विश्वजित म्हणतो मी सांगतो घरी. मी त्याला थांबवलंय. अण्णांनी सांगायला हवं. त्यांनी चारचौघांत एकदा म्हणावं की माझी मुलगी बेदाणा करते. इतकंच हवंय. ते म्हणत नाहीत, आणि त्यामुळे मला वाटत राहतं की मी त्यांचं काहीतरी बुडवलं.

लोभ करतेसच, तो थोडा अण्णांकडे वळव.
तुझी,
अबोली

•

सातारा
दि. ३ मार्च २०२५

ती. अण्णास,
चारूचा सा. न. वि. वि.

हे पत्र मोठ्याने वाचू नकोस.

पंचाचा निकाल देण्याआधी एक जुनी साक्ष काढते. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तू माझ्या नावाखाली एम.ए. संस्कृत असं छापलंस. किती ठळक, ते तुला आठवत असेल. वधूचं नाव त्यापुढे शोधावं लागत होतं. मला तेव्हा फार आवडलं होतं. पण वाईला सासूबाईंनी ते वाचलं आणि त्यांचा समज झाला की घरात सून नव्हे, गुरुजी आले. पहिल्याच सत्यनारायणाला मला पोथी सांगायला पाटावर बसवलं. नंतर वाड्यात कुणाची वास्तुशांत असो की बारसं, मुहूर्त विचारायला माणसं माझ्या चुलीपाशी. मला तर पंचांगात अमावास्या सापडायची मारामार. एका बाईच्या मुलीचं लग्न मी काढलेल्या मुहूर्तावर झालं आणि ती आजही सुखात नांदते, यात माझा हात नाही. त्या एका ओळीने करून दिलेला समज पुसायला मला पाच-सहा वर्षं लागली.

अबोलीला तेवढी वर्षं मिळणार नाहीत. तू फलटणला रंगकामाची थाप मारलीस, ती का, हे मी ओळखते. सोयरीक मोडेल ही भीती. पण सोयरीक टिकली आणि मुलगी रोज सकाळी शटर अर्ध्यावर धरून उभी राहू लागली, तर ते तुला सांगलीत बसून दिसेल का?

तुला वाटतं, दोघींना शिकवलं आणि दोघींनी वाया घालवलं. अरे, कारखान्यातून आलास की पुस्तक हातात धरून तू माझी शब्दरूपं म्हणून घ्यायचास. अर्थ कळत नव्हता, तरी एक मात्रा चुकले तर अडवायचास. त्यातलं काय वाया गेलं? काउंटरवर माणूस ओरडायला लागला की मी मनात एक शब्द सगळ्या विभक्तींत चालवते. सप्तमीपर्यंत तो दमतो.

तेव्हा निकाल असा. पत्रिकेत काय छापायचं ते नंतर बघू. आधी आप्पासोंना तू स्वतः सांग. मी सांगणार नाही, विश्वजितलाही सांगू देणार नाही.

राग आला तर येऊ दे, पण गोळ्या वेळेवर घे. लोभाचं काय ते तुझं तू बघ. माझ्याकडून कमी पडणार नाही.
तुझी,
चारू

•

सांगली
दि. २९ मार्च २०२५

चि. चारूस,
अण्णाचे आशीर्वाद. विशेष.

तुझं पत्र वाचून राग आला. चार दिवस फोन केला नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तुला सगळ्यांत मोठी असल्यासारखं बोलायची लहानपणापासून खोड आहे.

पाचव्या दिवशी आप्पासोंना फोन लावला. स्पीकर बंद करून. म्हटलं, पोरगी काम करते ती जागा बघायला या. त्यांना वाटलं दवाखाना. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला, मग वाटलं ही आणखी एक थाप झाली. म्हणून परत लावला आणि सांगितलं की दवाखाना नाही, बेदाण्याची शेड आहे, आणि रंगकाम वगैरे काही चाललेलं नव्हतं, मी खोटं बोललो. मला वाटलं संपलं सगळं. मग म्हणाले, येतो.

आले रविवारी, विश्वजितच्या आईला, राहीबाईंना घेऊन. चारू, मीही शेडच्या आत पहिल्यांदाच गेलो. आजवर फाटकाशी गाडी थांबवून परत यायचो. आत जाळ्यांवर जाळ्या, आणि सगळीकडे हिरवट पिवळा माल. अबोली वर चढून हाताने मणी दाबून बघत होती आणि खाली बायकांना ओरडून सांगत होती, ही जाळी अजून दोन दिवस, ही आज उतरवा. आम्ही आलेलो तिला दिसलो नाही. दवाखान्यात ती इतकी हळू बोलायची की पेशंट परत विचारायचे. हा आवाज मी तिच्या शाळेनंतर ऐकला नव्हता.

आप्पासोंनी जाळ्यांमधून फिरून सगळं बघितलं. मग मला म्हणाले, आवं अण्णा, हे आधी सांगायचं न्हाई व्हय, मी तिकडं म्हाताऱ्यांस्नी शब्द देऊन बसलो की, आता त्यांस्नी काय तोंड दावू. मी म्हटलं, माझी मुलगी बेदाणा करते असं सांगा. ती तोवर खाली आली होती. तिने ऐकलं. ओंजळभर बेदाणा आणून आधी मला दिला.

राहीबाई अजून मनातून तयार नाहीत, त्यांना डॉक्टरसून हवी होती, वेळ लागेल. पण आप्पासो गाळा सोडतो म्हणाले. जाताना पाच किलो माल घेतला आणि म्हाताऱ्यांना वाटतो म्हणाले. बिनदातांच्या माणसांना बेदाणा!

घरी आल्यावर अबोली आपणहून म्हणाली, अण्णा, आता छापा डॉक्टर, आता मला भीती नाही. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी छापखान्यात जाऊन मजकूर दिला. नावाखाली बेदाणा उत्पादक, तासगाव. पाचशे पत्रिका तशाच छापून आल्यात. तुला पुढच्या आठवड्यात मिळेल.

आता एक गोष्ट तुला एकटीला सांगतो, पोरीला कळवू नको. छापखान्यातल्या अमृतला मी एक पत्रिका वेगळी काढायला सांगितली. डॉ. अबोली, बी.डी.एस., एवढाच फरक. तो म्हणाला, काका, एकच? म्हटलं, एकच. पहिली पत्रिका आपण गणपतीला ठेवतो ना, तिथे ती ठेवून आलो. पाहुण्यांना पोरगी काय करते ते सांगितलं. देवाला ती काय काय झाली, ते सगळं सांगायला हवं होतं.

तू लवकर ये. तुझी वहिनी नाही, रुखवताचं बघायला कुणी तरी हवं. तुझ्या यजमानांनाही आण, स्वयंपाकाचं तेवढं त्यांच्याकडे देऊ.

लोभ असू दे, भांडण झालं तरी.
तुझा,
अण्णा