तिसरा उतार

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू विचारात पडला असशील, की हिला फोन सोडून पत्र लिहायची वेळ का आली. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. पाय थंडीत जेवढा कुरकुरायचा तेवढाच कुरकुरतोय. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंस तरी मी भलत्याच गप्पा मारून ठेवून देते. म्हणून कागद घेतला. एका बैठकीत वाच, मध्येच उठून जाऊ नकोस.

गेल्या आठवड्यात तुझ्या लेकीचा फोन आला होता. बारीक टायरची नवी सायकल घेतल्याचं तासभर सांगत होती. बाबांनी चेनला तेल द्यायला शिकवलं, ट्यूब बदलायला शिकवलं, गादीची उंचीसुद्धा तीनदा कमीजास्त करून दिली. पण कालव्यावर बरोबर चला म्हटलं की एकच उत्तर, तू एकटी जा, माझ्या मागे कुणी नको. तिने मला विचारलं, आत्या, बाबा असं का करतात गं? मी म्हटलं, तुझा बाप पहिल्यापासूनच एकलकोंडा. हे म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही, आणि फोन ठेवल्यावर मला त्याचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कामावर एका आजोबांची कवळी घासता घासता मी इतकी झिजवली की ती पुन्हा नव्याने करावी लागली. दिवसभर लोकांचे दात घडवणारी मी, आणि माझीच दातखीळ अडतीस वर्षं बसलेली.

कालवा आठवतो तेव्हा मला आधी रस्ता आठवतो. आपले बाबा कालव्याचं पाणी सोडायच्या पहिल्या दरवाजाचे राखणदार, आपलं घर दरवाजाला चिकटून, आणि दुसरा दरवाजा अकरा किलोमीटर खाली. मधल्या रस्त्यावर एकही वाहन नाही. दोन्ही टोकांना साखळी आणि तिची किल्ली बाबांच्या कमरेला. गावात सायकल आडवीतिडवी मारली की लोक ओरडायचे, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का? आणि तू शांतपणे म्हणायचास, हा नाही, तो पलीकडचा आहे. रोज शाळेच्या आधी आपण दोघांनी खाली जायचं, भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते वाचायचं आणि आकडा बाबांना आणून द्यायचा. त्यावर ते दरवाजाचं चाक किती फेरे फिरवायचं ते ठरवत. आकडा लक्षात ठेवायचं काम माझं, आणि मी तो विसरावा म्हणून वाटभर पाढे म्हणायचं काम तुझं. एकदा मी खरंच घोटाळा केला. बाबांनी दोन फेरे जास्त दिले आणि खालच्या मळ्यातले फुलकोबीचे गड्डे तरंगायला लागले. माळी तणतणत आला तेव्हा तू पुढे होऊन म्हणालास, मीच चुकीचं वाचलं. मी तुझ्यामागे उभी राहून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. तेव्हा मला ते फार सोयीचं वाटलं होतं.

दरवाजापाशी पाण्याचा एवढा आवाज, की आपल्या घरात निम्मं बोलणं हातांनीच व्हायचं. जेवायला या, चाक थांबव, साहेब आलेत, सगळ्याला खुणा. त्याच तू सायकलवर आणल्यास. पुढे तू, मागे मी, तुझ्या चाकापासून हातभर अंतरावर. वारा सगळा तुझ्या छातीवर, आडोसा मला. डावा हात पाठीमागे नेऊन एक बोट खाली केलंस की खड्डा. कोपर हलवलंस की वाटेत बदकं. तळवा पसरून खालीवर केलास की वेग कमी कर. सहा वर्षं मी रस्ता असा बघितलाच नाही, तुझी पाठ बघितली. तुझ्या निळ्या सदऱ्याला आईने उजव्या खांद्याखाली घातलेलं रफू मला आजही डोळे मिटून कागदावर काढता येईल. त्या पाठीमागे मी एकदाही घाबरले नाही, दादा. तेवढं निर्धास्त मी पुढे आयुष्यात कुठेच नव्हते.

मग ती सकाळ. खाली आकडा वाचून झाल्यावर तू दरवाजाच्या कठड्यावर बसलास आणि मला सांगितलंस, शहरातल्या तंत्रशाळेत तुला जागा मिळाली आहे, पूल बांधायला शिकवतात तिथे. महिन्याभरात निघायचं. बाबांच्याही आधी तू मला सांगितलंस. तुला वाटलं मी उडी मारीन. मी सोळा वर्षांची होते, मी तोंड फुगवलं. परत येताना कालव्याचा काठ मध्ये खचला होता, म्हणून आपण टेकड्यांवरचा रस्ता धरला. तिथेही मेंढ्यांशिवाय कुणी नसायचं. चढ, उतार, पुन्हा चढ, दोन्ही बाजूंना ओलं गवत आणि खाली लांबवर कालवा, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा सरळ. एरवी त्या उतारांवर आपण ओरडत सुटायचो. त्या दिवशी मी नुसतं पायडल मारत होते आणि तू सारखा मागे वळून बघत होतास.

तिसऱ्या उताराच्या तळाशी पाणी वाहून जायला रस्त्यात आडवा चर होता आणि त्याच्यावर लोखंडी जाळी, गज नेमके चाकाच्या दिशेने. माझं पुढचं चाक त्यात अडकलं. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण मला उचलून अर्धा डोंगर तू पळालास. दवाखान्यात तू बाबांना म्हणालास, मी हात दाखवला होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजनांना टांगलेला. मी म्हटलं, मला नाही दिसला. मग बाबा तुला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. चारसहा दिवसांनी तू माझ्या उशाशी येऊन म्हणालास, कदाचित मी उशिरा दाखवला असेल. महिन्याने म्हणालास, मी दाखवलाच नाही बहुतेक. शहरात तू गेला नाहीस, जागा दुसऱ्याला मिळाली. माझा पाय धरून मला चालायला तू शिकवलंस, आणि कालव्याच्या कचेरीत चिकटलास तो आजतागायत. सायकल चालवतोस, पण एकटाच.

दादा, तू हात दाखवला होतास. चांगला वेळेवर, तळवा पसरून, दोनदा. मी तो स्वच्छ बघितला. बघितला आणि पायडल जोरात मारलं, कारण मला तुला मागे टाकायचं होतं, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही हे तुला दाखवायचं होतं. आणि खाटेवर पडल्या पडल्या जेव्हा कळलं की तू आता जाणार नाहीस, तेव्हा मला बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून सगळ्यात शेवटी लिहिते आहे. बाबा असताना सांगायला हवं होतं. ते गेले, आणि तुझ्याबद्दलचा तो राग बरोबर घेऊन गेले. तुझी लेक आता तिच्या बापामागे जायचं म्हणते आहे आणि माझ्या एका वाक्यामुळे तिला ते मिळत नाही. तोंडावर सांगायला गेले असते तर तू अर्ध्यातच जाऊ दे म्हणाला असतास, म्हणून आधी पत्र. रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी येते आहे. तुला मला जे काही बोलायचं असेल ते बोल, दारातून परत पाठवलंस तरी तो तुझा हक्क आहे. पण मी येईन तेव्हा तू घरी नसलास, लेकीला मागे घेऊन बाहेर पडलेला असलास, तर मी पायरीवर बसून राहीन. दुपार झाली तरी चालेल.

तुझीच,
धाकटी