फ्लेक्सवरचा लेफ्टनंट

२ जानेवारी २०१७, सोमवार. पहाटे ४.२०

आजपासून रोजनिशी. काल रविवार होता, त्यामुळे नवीन वर्ष आजपासून धरलं आहे. ऑफिसरच्या डोक्यात सगळं नोंदलेलं असायला हवं.

संकल्प : रोज मुलांच्या पुढे पाच किलोमीटर धावणे. मनातल्या मनात इंग्रजीत विचार करणे. मुलांपासून अंतर ठेवणे.

सकाळी ९.००

नवीन बॅच हजर. बेचाळीस मुलं. जळकोट, मुखेड, देगलूर, कुठून कुठून. सगळ्यांना सैन्यात शिपाई व्हायचं आहे. रांगेत उभं राहायला फॉल-इन म्हणालो, तर तिघं चप्पल काढून मांडी घालून बसले.

पाच किलोमीटरऐवजी दोन झाले. पुढे धावलं की मागची मुलं दिसत नाहीत, म्हणून दुसऱ्या फेरीपासून मी मागून लक्ष ठेवलं. अंतर आपोआप राखलं गेलं.

५ जानेवारी

स्वतःबद्दल थोडं लिहून ठेवतो, पुढे आठवणी लिहिताना उपयोगी पडेल.

श्रीमंत शेषेराव बिराजदार, मूळ गाव किल्लारी. एनसीसी 'सी' सर्टिफिकेट. ऑफिसरच्या एसएसबी मुलाखतीला दोन वेळा गेलेला. सध्या नांदेड-मुदखेड रोडवर भुजंग सरांच्या रणधीर करिअर अकॅडमीत. हुद्दा कॅडेट ऑफिसर. हा हुद्दा भुजंग सरांनीच काढला. ते सैन्यातून नाईक म्हणून रिटायर झाले, म्हणजे तसा मी त्यांना सीनियर होतो. पण ते मालक आहेत.

अकॅडमीच्या जागेत आधी पोल्ट्री होती. पाऊस पडला की अजून कळतं.

सर म्हणाले होते, सहा महिने थांब, मग तू कुठं आणि आम्ही कुठं. हे चौथं वर्ष. फाटकाला नऊ वाजता कुलूप लागतं. ते मुलांसाठी आहे. मी फक्त आतल्या बाजूला असतो.

९ जानेवारी

पत्र आलं! एसएसबी, भोपाळ, १३ फेब्रुवारी. जुलैत पंचवीस पूर्ण होतील, त्यामुळे ही शेवटची संधी. एका अर्थी हे बरंच. शेवटच्या संधीला माणूस मन लावतो.

कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं. पण पत्र पोस्टमनकडून बॅचमधल्या मुनीबने घेतलं होतं. नाश्त्यापर्यंत बेचाळीस जणांनी हात मिळवला.

१२ जानेवारी

भुजंग सरांनी फ्लेक्स करायला टाकला : 'आमचे कॅडेट ऑफिसर श्रीमंत बिराजदार यांची भारतीय सैन्यात लेफ्टनंटपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. प्रवेश सुरू.'

मी म्हणालो, सर, अजून मुलाखत व्हायची आहे. सर म्हणाले, लातूरचे क्लासवाले निकालाची वाट बघतेत का? पत्र आलं म्हंजे अर्धं काम झालं, ऱ्हायलेलं अर्धं फ्लेक्स करतंय.

फ्लेक्सचं दुकान मुनीबच्या वडिलांचं. गुलाम रसूलभाई फोनवर म्हणाले, वर्दीवाला धड तो तय्यार हैच अपने पास, तुम मुंडी का फोटो भेजो बस.

मी हरकत घेतली. फोटोतली टोपी वाकडी आहे, असं स्पष्ट सांगितलं. बाकी मजकुराबद्दल फार ताणलं नाही. बॅचचं मनोबल बघावं लागतं.

१५ जानेवारी

फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सअॅपवरून किल्लारीला पोचला. बाबांचा फोन आला. बाबा कधी फोन करत नाहीत. म्हणाले, आलंय बघ मोबाइलवर. मग आईने फोन ओढून घेतला. लई चांगलं झालं बाबा, म्हणाली, आता तिकडं थंडीत ठेवतेत म्हणं, सोटर नीघ घेऊन.

दुरुस्त करणारच होतो. रेंज गेली. रेंज आली तेव्हा मुलांचा बीमला लटकून पुल-अप मारायचा तास होता.

संकल्प : येत्या रविवारी घरी खरं सांगणे.

२२ जानेवारी, रविवार

साक्षीचा फोन. साक्षी माझी धाकटी बहीण. लातूरला खोली करून दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करते. मागच्या भरतीत दोन मार्कांनी राहिली.

म्हणाली, दादा, तू तर सुटलास. आता दाखला माझ्या नावावर करून दे.

दाखला म्हणजे भूकंपग्रस्त कुटुंबाचा दाखला. राज्याच्या भरतीत त्याच्या वेगळ्या जागा असतात, पण एका घरातून एकालाच तो वापरता येतो. भूकंपात घर पडलं तेव्हा मी सव्वा वर्षाचा होतो, साक्षी नंतर पत्र्याच्या शेडात जन्मली. मी बारावीला असताना बाबांनी दाखला माझ्या नावावर केला. मी संमतीपत्र दिलं तरच तो साक्षीला जाईल.

दाखल्याबद्दल माझी भूमिका आहे. चांगला सेनापती राखीव तुकडी उघड करत नाही. समजा भोपाळला काही तांत्रिक अडचण आली, तर पोलीस शिपायाच्या फॉर्मवर तो दाखला लागेल. म्हणजे लागणार नाहीच. पण तुकडी हाताशी हवी.

साक्षीला म्हणालो, बघू. ती म्हणाली, लेफ्टनंट माणसाला यात काय बघायचंय? फॉर्मची शेवटची तारीख १७ मार्च हाय, ध्यानात ठेव.

घरी खरं सांगायचं राहिलं. साक्षीनेच वेळ घेतला.

४ फेब्रुवारी

फ्लेक्समुळे एकोणीस नवे प्रवेश. मुलांना कोंबावं लागतंय. माझ्या खोलीत आता चार जण झोपतात. अंतर ठेवण्याचा संकल्प तूर्त स्थगित.

जळकोटच्या बजरंगने सोळाशे मीटर पाच मिनिटं दोन सेकंदांत मारलं. अनवाणी. शिस्तभंगाबद्दल त्याला दहा दंड दिले. त्याने वीस मारले आणि विचारलं, सर, तुमचा टायमिंग काय हाय? मी म्हणालो, ऑफिसरचं टायमिंग नसतं, नेतृत्व असतं. त्याने वहीत लिहून घेतलं.

१३ फेब्रुवारी. भोपाळ, दुपारी ३.३०

पहिल्या दिवशी चाळणी असते. पडद्यावर एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची. माझी गोष्ट इतरांपेक्षा लांब होती. नंतर गटचर्चा. तिथे मी परिपक्वता दाखवली, म्हणजे इतरांना बोलू दिलं.

पुढच्या चार दिवसांसाठी ठेवून घेतलेल्यांचे नंबर वाचले. माझा सव्वीस. पंचवीसनंतर एकतीस वाचला.

बाहेर काढलेल्यांत उंचीने चांगली मुलं बरीच होती. एकूण चित्रच धूसर होतं.

१५ फेब्रुवारी. नांदेड

सचखंड एक्स्प्रेसने परत. भुजंग सरांनी बाजूला घेतलं. फ्लेक्स उतरवू का, असं मीच विचारलं. सर म्हणाले, येडा हायस का, एकसष्ट पोरं हायेत आत. सध्या मेडिकल बाकी म्हण. मेडिकलला किती बी टाइम लागतो.

बजरंगने विचारलं, भोपाळला किती पळवलं? मी म्हणालो, गुप्त असतं. मुनीबने काहीच विचारलं नाही. चहा आणून दिला फक्त. मुनीबला चार दिवस गार्ड ड्यूटी दिली.

२० फेब्रुवारी

निर्णय झाला. पोलीस शिपायाचा फॉर्म भरायचा. दाखला माझ्या नावावर आहे, मुदत आहे, वय बसतं. साक्षी अजून लहान आहे, पुढच्या वर्षी भरेल. हा स्वार्थ नाही. घरातला मोठा आधी उभा राहिला पाहिजे, तोच पुढे तिला हात देईल.

नांदेडात ओळखी फार, म्हणून मुदखेडला गेलो. स्टेशनजवळच्या नेट कॅफेत शिरलो, तर कॅफेवाला उठून उभाच राहिला. लेफ्टनंट साहेब, तुम्ही? फ्लेक्स रोज बघतो जाता-येता. खुर्ची पुसली. चहा सांगितला. पोलीस भरतीच्या फॉर्मला आलेल्या दोन पोरांना उठवून माझ्यासोबत फोटो काढायला लावले. मग विचारलं, काय काम काढलं साहेब?

मी म्हणालो, असंच, सेंटर कसं चाललंय ते बघायला आलो.

रेल्वेने परत. आज सर्व्हरही बहुतेक स्लो असावा.

२६ फेब्रुवारी, रविवार. किल्लारी, सायंकाळी ७.००

गावाने सत्कार ठेवला होता. येता येणार नाही असं मी दोनदा कळवलं. भुजंग सरांनी जीप करून दिली आणि स्वतः सोबत आले.

पुनर्वसनातल्या शाळेसमोर मांडव. फेटा, शाल, नारळ. बाबांना स्टेजवर बोलायला लावलं. म्हणाले, त्या पहाटे ह्याला काखेत मारून बाहेर पळालो. एवढंच होतं हातात. आज ते… मग माइक बाजूला सारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फेट्याचं टोक नीट करत होतो.

ठरवलं होतं, सत्कार संपल्यावर बाबांना एकट्याला गाठायचं आणि सगळं सांगायचं.

तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणाले, आता लेफ्टनंट साहेब आपल्या बहिणीला ओवाळणी घालणार आहेत. तलाठी पंचाक्षरी अप्पा कागद घेऊन वर आले. संमतीपत्र. टाइप करून, तिकीट लावून तयार. मागे साक्षी.

मी म्हणालो, असले कागद ऑफिसात शांतपणे करावेत. अप्पा म्हणाले, ऑफिस मीच हाय की, इथंच हाय. मी म्हणालो, पेन नाही. पुढच्या तीन रांगांतून पेनं वर आली. आई पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती. साक्षी माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

सही केली.

याला माघार म्हणत नाहीत. राखीव तुकडी योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठवली, एवढंच. आता माझ्याकडे अकॅडमी आहे. म्हणजे अनुभव आहे.

१७ मार्च

फॉर्मची शेवटची तारीख गेली. खुल्या जागेतून मीही भरू शकलो असतो. दाखल्याशिवाय स्पर्धा फार आहे. शिवाय आज मुलांची टेस्ट होती.

४ एप्रिल

साक्षीचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी. तिला फोनवर मार्गदर्शन केलं : आठशे मीटरमध्ये पहिल्या फेरीत दम राखून ठेव, डोळे समोर. ती म्हणाली, दादा, माझं ग्राउंड सकाळीच झालं. शंभरपैकी ब्याण्णव.

तरी मार्गदर्शन वाया जात नाही.

२९ मे

साक्षीची निवड झाली. बजरंग आणि मुनीबही आर्मीच्या यादीत लागले. पेढे घेऊन आले. बजरंग पाया पडला आणि म्हणाला, सर, तुमचं मेडिकल झालं का? मुनीबने त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं.

निष्कर्ष : माझी पद्धत बरोबर आहे.

१३ जून, मंगळवार. किल्लारी

साक्षीची पोलीस चौकशी होती. नेमणुकीआधी ठाण्यातून माणूस येऊन घरची माहिती तपासतो. बाबांनी मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाले, तू असलास म्हंजे वजन पडतंय.

हवालदार दगडोबा वाघमारे. ओसरीवर बसले, चष्मा लावला, फॉर्म काढला. घरातल्या माणसांची नावं, वय, व्यवसाय. वडील : शेती. आई : घरकाम. भाऊ म्हटल्यावर बाबा माझ्याआधी बोलले. लेफ्टनंट.

हवालदार चटकन सावरून बसले. म्हणाले, जय हिंद साहेब. युनिट आणि नंबर सांगा, लिहून घेतो. वरून पडताळणी होते आजकाल. मग बाबांना समजावून सांगितलं की माहिती खोटी निघाली तर उमेदवाराची निवड रद्द करतेत, अगदी साधी चूक असली तरी.

साक्षी दारात उभी होती. बाबा म्हणाले, सांग की रे नंबर, लाजतूस काय.

मेडिकल बाकी आहे, हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. चार महिने ते चाललं होतं.

मी म्हणालो, लेफ्टनंट नाही. झालो नाही. भोपाळहून पहिल्याच दिवशी परत पाठवलं.

हवालदारांनी चष्म्यावरून पाहिलं. मग काय लिहू, विचारलं. कॅडेट ऑफिसर म्हणालो. सरकारी का? नाही. नेमणुकीचं पत्र? नाही. पगाराची पावती? नाही. त्यांनी थोडा वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं : काही नाही.

बाबा उठून मागच्या दाराने गेले. जरा वेळाने तांब्या भरून घेऊन आले. आधी हवालदारांना पाणी दिलं, मग मला. तांब्या धरताना माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी साक्षी जीपपर्यंत सोडायला आली. म्हणाली, फॉर्म नीट गेला. मी म्हणालो, तुला धक्का बसला असेल. ती म्हणाली, पंधरा फेब्रुवारीला मी अकॅडमीत फोन केलता, पोरं म्हणाली, सर तेराला भोपाळला एसएसबीला होते, आज आले बी. एसएसबी पाच दिवसांची असते दादा, तू तिसऱ्या दिवशी नांदेडात होतास. मला तवाच कळलं.

मग तरी सही मागितलीस, म्हणालो.

म्हणूनच मागितली, म्हणाली. एकट्यात तू बघू म्हणला असतास. चार माणसांत तुला न्हाई म्हणता येत न्हाई. पंचाक्षरी अप्पांना स्टेजवर मीच बोलावलं होतं.

जीप भरत होती. ड्रायव्हर लातूर लातूर ओरडत होता. मी विचारलं, आईला माहीत होतं? म्हणाली, हाव, आईला मीच सांगितलं होतं.

आणि बाबांना?

बाबांना आज कळलं, म्हणाली.