मल्लेशची बरी वेळ

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

बेंगळुरू, १२ जुलै २०२४

ती. अव्वास,
विद्याश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मल्लेश शेजारी असला की तू मोकळं बोलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. दीड महिना त्याच्या फोनवर दिवसातून सहा वेळा घंटी वाजत होती ना, त्याचा निकाल लागला. आत्ता या क्षणी तुम्हाला कसं वाटतंय, असं फोन विचारायचा आणि त्यानं शून्य ते दहा आकडे दाबायचे. उदास किती, थकवा किती, मन रमतंय किती. संशोधनात सख्खा भाऊ घेऊ नये, माझ्या गाईड मॅडमना कळलं तर माझी धडगत नाही. पण त्याच्या गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले, सुष्मिता त्याला कंटाळून गारगोटीला माहेरी जाऊन बसली, त्याचं एमआयडीसीतलं काम सुटलं. मग भावासाठी नाही तर हे शिकले कशाला?

सगळ्या आकड्यांची सरासरी काढली तर मल्लेश मध्यम उदास निघतो. पण मध्यम उदास असा तो एकाही क्षणी नसतो, गोम तिथंच आहे. म्हणून आम्ही एकाच माणसाचे क्षण एकमेकांशी ताडून बघतो आणि सारखे दिसतील ते एका गटात घालतो, तू शेंगा निवडताना भरलेल्या आणि पोचट वेगळ्या करतेस तसं. निवडायचं काम संगणक करतो. मल्लेशचे सरळ दोन गट पडले. मोठा गट बघवत नाही. पण दुसऱ्यात एकेचाळीस क्षण आहेत, त्यात उदासी एक-दोन आणि मन रमतंय सात-आठ! जवळजवळ सगळे सकाळी अकरा ते दोनमधले, म्हणजे तो बाहेर असतो तेव्हाचे. एका माणसाचे गट इतके स्वच्छ सहसा पडत नाहीत. अव्वा, मी लॅबमध्येच रडले.

सुष्मिताला आलेख पाठवलाय. त्या वेळेत ती सोबत राहिली तर गाडी रुळावर येईल. गुडघ्याला तेल लावत जा. लेकीवर आहे ती माया राहू दे.

तुझी
विद्या

कागल, १९ जुलै २०२४

चि. विद्याश्रीस,
अव्वाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून कोंबडी नाचल्यासारखंच आहे, एवढ्या शिक्षणाला ते चालतं का गं?

सुष्मिता परवा आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं मला तो आलेख दाखवला. मी चष्मा सापडत नाही म्हणाले. अकराला मल्लेश चप्पल घालायला लागला तशी तीही डबा घेऊन निघाली. तो हायवेच्या पुलाखाली बसून गाड्या बघतो. तिथं काय हाय रं, म्हणून मी एकदा विचारलं होतं, तर काय न्हाय म्हणाला.

त्या फोनला समोरचा माणूस ओळखता येतो का? आणि त्या एकेचाळीसमधले काही काढून टाकता येतात का? उगीच विचारतेय. सुष्मिताला फार आशा दाखवू नकोस, एवढंच माझं म्हणणं. ती कोवळी आहे. जेवणाची आबाळ करू नकोस आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी
अव्वा

बेंगळुरू, २५ जुलै २०२४

ती. अव्वास,
शि. सा. न. वि. वि.

फोनला माणूस ओळखता येत नाही, त्याला फक्त विचारता येतं. आणि त्या एकेचाळीसमधला एकही मी काढणार नाही, तेवढेच तर आहेत आपल्याकडं! तू आणि तुझ्या शंका.

सुष्मिताचा रोज फोन येतो. तो बोलत नाही, बघतसुद्धा नाही म्हणते. मी तिला सांगितलंय की त्या वेळी तो आतून बरा असतो, आकडे आहेत माझ्याकडं. तूही तिला हेच सांग, तुझा शब्द ती मानते. माझ्या हट्टावर रागावू नकोस.

तुझी
विद्या

कागल, ३ ऑगस्ट २०२४

चि. विद्याश्रीस,
अनेक आशीर्वाद.

सुष्मिता गेली. बारा दिवस पुलाखाली त्याच्याशेजारी बसली. शेवटच्या दिवशी घरी येऊन तिनं तो आलेखाचा कागद त्याच्यापुढं धरला आणि विचारलं, की एकटे असता तेव्हा बरे असता आणि मी आले की असे होता, तर मी काय समजायचं? तो म्हणाला, तुला काय समजायचं ते समज. लग्नातली भांडी पोत्यात भरून घेऊन गेली ती. आता यायची नाही.

मी तिथंच उभी होते. माझ्या एका शब्दानं ती थांबली असती आणि मी तो बोलले नाही.

विद्या, तो बाहेर जाताना फोन नेतच नव्हता. कुणाचा फोन नको म्हणून चार्जिंगला लावून जायचा. घंटी वाजली तेव्हा तुझं काम अडू नये म्हणून मी पहिल्यांदा हातात घेतला. लिहिलं होतं, आत्ता या क्षणी तुम्हाला कसं वाटतंय. तुझे अप्पा होते तेव्हासुद्धा मला असं कुणी विचारलं नव्हतं. मल्लेशला काय वाटतंय ते मला कुठून कळणार? मी माझंच दाबलं. खोटं एकही दाबलेलं नाही. ते एकेचाळीस माझे आहेत.

तो बाहेर पडला की मी दार लोटून घ्यायची, रेडिओ लावायची, सावकाश जेवायची. घर हलकं व्हायचं. पोटचा पोरगा उंबऱ्याबाहेर गेला की मला बरं वाटतं, हे त्याच्यासमोर कसं बोलू? तिला जाऊ दिलं, पण त्याला हे कळू दिलं नाही. चुकले असेन. त्याचा तुझ्याकडं एकच गट आहे, तो बघवत नाही म्हणालीस तो.

सुष्मिता गेल्यापासून तो पुलाकडंही जात नाही. दिवसभर पुढच्या खोलीत बसलेला असतो. तू मला तिकडं बोलावशील, पण याला कुणावर टाकून येऊ? हे पत्र शेजारच्या नजीराकडं देतेय, ती पेटीत टाकेल. उत्तर पाठवू नकोस. पोस्टमन आला की आता दारात तोच असतो.

माझा राग आला तरी माया तोडू नकोस.

तुझी
अव्वा