सहा तासांची नळी

परळ,
१८ नोव्हेंबर २०२५

सिद्धांत,

नमस्कार. मी ठीक आहे, तू मजेत असशीलच. मेल तू उघडत नाहीस, म्हणून हे तुझ्या आईकडे, फणसवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय. काकू तुझ्या हातात दिल्याशिवाय राहायच्या नाहीत.

त्यांना आपण आपलं काम समजावलं होतं, आठवतं? पेशी प्रथिन बनवायला आरएनएची चिठ्ठी लिहिते, काम झालं की फाडते. ती किती तास टिकते, ते आपण मोजतो. "म्हणजे वाण्याच्या यादीसारखंच की!" म्हणाल्या. तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळलं.

आपल्या पेपरात कोंबडीच्या पेशीतली चिठ्ठी सहा तासांनंतरही शाबूत आहे, कारण एक प्रथिन म्हणे तिचं शेपूट धरून ठेवतं. त्या जोरावर तुला हैदराबादची नोकरी मिळाली. इथे माझी विद्यार्थिनी ओवी तोच प्रयोग नऊ वेळा करून बसलीय. औषध घालून नव्या चिठ्ठ्या थांबवायच्या, दर दोन तासांनी थोड्या पेशी काढून वेगळ्या नळीत ठेवायच्या. चार तासांना चिठ्ठी असते, सहाला नसते. मी तिला काय काय बोलले! हातमोजे बदलतेस का, लक्ष कुठे असतं. काल म्हणाली, "मॅडम, माझ्या हाताला नाही जमत. मी सोडते."

मग मी फ्रीजरमधला आपला जुना डबा काढला. चार तासांची नळी अर्धी, सहा तासांची अर्धी, बाकीच्या भरलेल्या. निर्लज्जा, चारच्या नळीतलं अर्धं सहाच्या नळीत ओतलंस, एकीच्या दोन केल्यास आणि चार वर्षं मिरवलंस! "दोन तासांत काय आभाळ कोसळणारे?" म्हणालास त्या दिवशी, आणि सहा तास व्हायच्या आधीच निघालास.

बरं, निघालो. दोघंही. दादरला दुपारी चारचं नाटक होतं आणि तिकिटं मी काढली होती. सहाच्या नळीवरचं अक्षरही माझंच आहे. डबा उघडायच्या आधीपासून मला माहीत होतं. ओवीवर ओरडताना दर वेळी माहीत होतं. तुझा संताप येतो तो खराच, पण तुला शिव्या घालणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

आज सकाळी तिला डबा दाखवला, सगळं सांगितलं. ती रडली नाही. हातमोजे काढले आणि विचारलं, "मग माझ्याकडून नऊ वेळा का करून घेतलंत?"

दुपारी पेपर मागे घ्यायचं पत्र जर्नलला पाठवलं. नळ्यांचे फोटो जोडलेत. पेपरवर नाव तुझं पहिलं आहे; हट्टानं तूच लावून घेतलं होतंस.

तुझ्या खालचं नाव,
दर्शना