तुलनेला एक निरोगी बाई

प्रिय थोरले,

चारचौघांत ‘अहो जाऊबाई’ आणि दोघीच असलो की ‘अगं थोरले’, हे आपलं लग्नापासूनचं. आज तसंच म्हणू दे, पुढचं ‘अहो’ म्हणून लिहवणार नाही. लिहिताना बोटं दुखताहेत, पण दुखण्याचं भांडवल आज करत नाही. आजवर पुष्कळ केलं.

हॉस्पिटलात तुला कशी ओढून नेली होती, आठवतं ना? आमवाताच्या माणसांच्या रक्तवाहिन्या लवकर कडक होतात, हाडंही आतून विरळ होतात, म्हणून माझ्या डॉक्टरीणबाई सगळ्या पेशंटांची तपासणी करत होत्या. तुलनेला त्यांना प्रत्येकीच्या वयाची एक निरोगी बाई हवी होती. मला दुसरं कोण सुचणार? तू सासूबाईंची आंघोळ उरकून ओल्या हातांनीच निघालीस. मानेवर गार जेल लावून यंत्र फिरवलं तेव्हा तुला अशा गुदगुल्या झाल्या की बाईंना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दंडाला पट्टा आवळून मग सैल सोडला आणि नस किती मोकळी होते ते पाहिलं, तर तू विचारतेस, ह्यात माणसाच्या मनातलं पण दिसतं का. हाडांच्या यंत्राखाली आडवी झालीस आणि तुझा चक्क डोळा लागला. भर दिवसा पाठ टेकायला मिळाली म्हणून केवढी खूश होतीस! निघताना बाईंना म्हणालीस, माझं काय असेल ते हिलाच सांगा.

आपली तुलना काही नवी नव्हती म्हणा. थोरलीचं हाड लोखंडाचं आणि धाकटीचं कापसाचं, असं सासूबाई येईल-जाईल त्याला ऐकवायच्या. कपाट सरकवायचं तर थोरली, गादी उचलायची तर थोरली. आम्ही वेगळे झालो तेव्हा सासूबाईही तुझ्याकडेच राहिल्या, आणि आता त्यांना पलंगावरून उठवायचं तर तेही थोरलीनेच. मी आले की तू बरणीची झाकणं आधीच सैल करून ठेवायचीस, मला कुणासमोर ओशाळं वाटू नये म्हणून. तुझी माया कळायची गं. तरी तुझा राग यायचा, आणि तो मी कधी तोंडावर दिसू दिला नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. माझी मानेची नस जराशी जाड झाली आहे, हाडं मात्र वयाच्या मानाने छान. का नसतील? इतकी वर्षं गोळ्या, तपासण्या, दुधाचा पेला, सगळं हातात मिळालं. तुला कुणी कधी तपासलंच नाही, कारण तू धडधाकट. तुझ्या रक्तवाहिन्या उत्तम आहेत, पण हाडं फार ठिसूळ झाली आहेत, मणक्याची सगळ्यांत जास्त. औषध लवकर सुरू करायला हवं, जड काही उचलायचं नाही, आणि पाठ दुखली तर लगेच घेऊन या, असं बाई म्हणाल्या. तेव्हा मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. आधी तोच झाला. मी हसत ह्यांच्याकडे गेले नि म्हणाले, ‘बघा, तुमच्या लोखंडी वहिनींपेक्षा माझी कापसाची हाडं बरी निघाली!’ हे हसले नाहीत. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण माझ्या आवाजात ते हसू अजून असेल आणि तुला ऐकू जाईल, अशी भीती वाटली. ‘सगळं ठीक आहे गं, तुला काय धाड भरलीय,’ म्हणाले मी. तू विश्वास ठेवलास. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी गप्प बसले, आणि तिकडे तू सासूबाईंना उचलत राहिलीस.

काल तू सांगितलंस, त्यांना उठवताना पाठीत कट्‌कन काहीतरी झालं, उसण भरली असेल, शेकते आहे. वर मलाच विचारलंस, तुझे गुडघे कसे आहेत. थोरले, ती उसण नसेल गं. मणका असेल. फोन ठेवल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं, खोटं बोलले तेसुद्धा.

हे पत्र घेऊन तुझे भाऊजी दारात उभे असतील. त्यांच्याबरोबर एक बाई आहे, सासूबाईंना आता ती उठवेल. सासूबाई कुरकुरल्या तर माझं नाव सांग, बोलणी मी खाईन. डॉक्टरीणबाई वाट बघताहेत, पाठीचा एक्स-रे आजच काढायचा आहे. चपला घालायला वाकू नकोस, ह्यांना पुढे सरकवायला सांग. मी खाली गाडीत बसले आहे. माझे गुडघे धरलेत म्हणून वर आले नाही, असं हे म्हणतील. मीच तसं सांगायला लावलंय. खरं मानू नकोस. गुडघे आज बरे आहेत. तुला तोंड दाखवायचा धीर होत नाही, एवढंच. तू सावकाश खाली ये.

तुझीच,
धाकटी