पेल्लेचं लाल जॅकेट

बाबा,
मी सकाळच्या बोटीने बर्गनला चाललेय. बांगडे धरायला जाल तेव्हा पेल्लेला हे लाल लाइफ जॅकेट घाला. निळं दिसायला छान होतं, पण त्याच्या पाठीवर मूठ नव्हती. मूठ असली की कुत्रा पाण्यात पडला तरी लांब काठीच्या आकड्याने उचलून होडीत घेता येतो. काल धक्क्यावर करून पाहिलं. तो माझ्यावर रुसलाय, त्याला सॉसेज द्या.

जॅकेट घेताना दुकानदाराने विचारलं, "म्हातारा स्वतः घालतो का?"

मी म्हटलं, "छे!"

"मग बातमी घेऊन कुत्रा तरी घरी येईल," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही.

तुमचं जॅकेट त्याच खिळ्यावर, पेल्लेच्या जॅकेटवरून अडकवलंय. तुमचं काढल्याशिवाय त्याचं निघणार नाही.

— सुन्निवा